नऊ बोलले

आधीच सांगून टाकतो... मी भूत-बित मानणारा माणूस नाही. मानणार तरी कसा? आमच्या भागातली अर्धी भुतं मीच तयार करून सोडलेली आहेत. महागावच्या फाट्यावर रात्री दिसणारी पांढरी बकरी, जी दुचाकीच्या बरोबरीनं पळते आणि पुलापाशी आल्यावर हसते, ती माझी. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईस्तोवर टाइमपास म्हणून सोडली होती. पंधरा दिवसांनी उमरखेडच्या बसमध्ये एका माणसानं तीच बकरी मला शपथेवर सांगितली, आणि वर म्हणाला की त्याच्या सख्ख्या साळ्याला तिनं बिडी मागितली. मी म्हटलं, मागितली असेल बाप्पा.

तर माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट बिनमसाल्याची आहे. जिथं वाढवून सांगितलं असेल तिथं मी स्वतःच तसं कबूल करीन.

महागावहून उमरखेडकडे निघालं की मुख्य रस्ता सोडून चार-साडेचार किलोमीटर आत एक मुरमाड माळ लागतो. पीक येत नाही, गवत येत नाही, येतो फक्त फुफाटा. तिथं आमच्या राजूभाऊनं मातीचा रेसट्रॅक केला आहे. अडीच किलोमीटर, अकरा वळणं, दोन उड्या आणि मधून एक कोरडा नाला. कापूस घरात आला, तुरी निघाल्या की फेब्रुवारी-मार्चात तिथं गाड्यांच्या शर्यती होतात. एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो जिंकला. पार अकोल्या-नांदेडहून पोट्टे येतात.

त्यातली पळणारी एकही गाडी माझ्याकडे नसते. मी सांभाळतो त्या तीन गाड्या म्हणजे एक अ‍ॅम्ब्युलन्स, एक पाण्याची टाकी बसवलेली आगीची गाडी आणि एक उघडी जीप. कोणी उलटलं, अडकलं, पेटलं की या तीन धावतात. बाकी वर्षभर नुसत्या शेडमध्ये उभ्या. आणि उभी गाडी सांभाळणं हे पळत्या गाडीपेक्षा दहापट कठीण काम आहे, लिहून घ्या. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटं होतं, पंपाच्या पाइपात उंदीर संसार मांडतात. एकदा तर असा उंदीर निघाला की मी त्याला जीपच्या मागे टोचन करून बाहेर ओढला. (हे वाढवून सांगितलं. संसार मात्र खरा होता, सात पिलं होती.)

हे काम मला शिकवलं सुखदेव काकांनी. काका रिटायर एसटी ड्रायव्हर. वजन सव्वाशे किलो (हे वाढवलेलं नाही), अंगात कायम खाकी शर्ट, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं, कधीकाळी इंजिनच्या पंख्यात गेलेलं. जीप तेच चालवत. इतकी वर्षं ते ड्रायव्हर सीटवर बसल्यामुळे जीप उजवीकडे झुकली होती. डाव्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये माझी चार बोटं मावायची, उजवीकडे दोनच. काका एका दिवाळीनंतर गेले. घरीच, झोपेत, भयंकर असं काही नाही. मग मी उजव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे नवे टाकले आणि जीप सरळ उभी राहिली. चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं. एवढं लक्षात ठेवा.

आता काकांची एक पद्धत सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आग विझवायचा लाल सिलिंडर असतो ना, त्यात पावडर असते. पडून पडून, धक्के खाऊन ती तळाशी घट्ट बसते. वरचा काटा हिरव्यात, सील शाबूत, तारीख बरोबर... आणि दाबला की नुसती हवा. म्हणून शर्यतीच्या सकाळी काका प्रत्येक सिलिंडर उलटा करत, बुडावर तळहातानं थापा मारत आणि कान लावत. आत पावडर सरकली की डब्यातल्या साखरेसारखा सर्र आवाज येतो. आला की काका म्हणत, "बोलला." नाही आला की, "मुका." बोललेल्या सिलिंडरच्या बुडाला ते खर्ऱ्याच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका टेकवत. अर्ध्या बोटाचा ठिपका, आखूड, वाटाण्याएवढा.

आठ सिलिंडर ट्रॅकवरच्या आठ पोस्टांवर, झेंडेवाल्यांजवळ. नववा जीपमध्ये, ड्रायव्हर सीटच्या मागे पट्ट्यानं बांधलेला. हा नववा ज्याच्या ताब्यात जीप, त्यानंच ऐकायचा. मी एकदा मदत म्हणून हात लावला तर मनगटावर फटका बसला.

"आपला आपण ऐकावा, बाळू," काका म्हणाले. "दुसऱ्यानं ऐकलेल्यावर आगीत नाई जाता येत."

सगळं झालं की राजूभाऊ वॉकी-टॉकीवर विचारत, बोलले का? काका आधी माइकमध्ये फुंकर मारत, फू... एसटीतल्या धुळीची सवय. मग म्हणत, "नऊ बोलले." त्याशिवाय पहिली गाडी सुटत नसे.

काका गेल्यावर चार महिन्यांनी, गेल्या वर्षीच्या मार्चात, जीप पहिल्यांदा माझ्या हातात आली. आणि त्याच शर्यतीत माझी भाची पूनम पहिल्यांदा उतरणार होती. पोट्टी दहावीत असताना माझ्या शेडमध्ये गिअरबॉक्स खोलायला शिकली. तिची लाल गाडी आम्ही दोघांनी मिळून बांधली होती. ताईचा साफ नकार होता. शेवटी ती तयार झाली ती एकाच अटीवर. मला समोर बसवून म्हणाली, "तू मागं जीप घेऊन असशील तं जाऊ दीन तिले. नाई तं नाई." मी म्हटलं, ताई, मी असताना पूनमला धूळसुद्धा विचारून लागेल.

आता माझी करामत ऐका. आदल्या संध्याकाळी नऊही सिलिंडर शेडमध्ये ओळीनं होते. हलवायचा कंटाळा आला. म्हटलं, सकाळी पोस्टावर मांडताना हलवू. पण ठिपके मात्र तेव्हाच देऊन टाकले, सगळ्यांच्या बुडाला, माझ्या अंगठ्यानं. काम अर्धं झाल्यासारखं वाटलं.

सकाळी झेंडेवाले आपापले सिलिंडर घेऊन गेले. मी निघणार तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ बनवणारे दोघं आले. "भाऊ, एखादा थरारक प्रसंग सांगा ना." मला असं कोणी विचारलं की संपलं. मी सांगितलं, एकदा उलटलेली गाडी मी एका हातानं उचलून धरली, दुसऱ्या हातात चहा होता, थेंब सांडला नाही. दीड तास गेला. बारा वाजत आले. माळावर ऊन असं की मुरूम डोळ्याला टोचत होता.

वॉकी खरखरली. "बाळू, बोलले का?"

मी गळा साफ केला. "नऊ बोलले."

आणि त्याच्या मागोमाग वॉकीतून आवाज आला... फू...

"आठ."

एवढंच. जाड, खर्ऱ्यानं भरलेल्या तोंडाचा आवाज. मंडळी, मी हा आवाज नऊ वर्षं शेजारी बसून ऐकलेला आहे. राजूभाऊ माझ्यापासून वीस पावलांवर उभे होते, मान खाली घालून यादी वाचत होते. मी जाऊन विचारलं, आता वॉकीवर कोण बोललं? ते म्हणाले, "तूच तं बोलला, नऊ. काहून?"

मी जीपकडे गेलो. जीप सकाळपासून शेडच्या सावलीत उभी, चावी माझ्या खिशात. सवयीनं बॉनेटवर हात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला. तवा. आतलं इंजिन टिकटिक करत होतं, लांबून आलेली गाडी थांबल्यावर करते तसं. मग माझी नजर उजव्या चाकावर गेली. मी वाकून बोटं घातली.

दोन.

तिसरं बोट जाईना. डावीकडे येऊन पाहिलं, चार. रिकामी जीप होती ती. कोणी बसलेलं नव्हतं.

पळून जायला पाहिजे होतं, पण पूनम हेल्मेट घेऊन रांगेत उभी होती, तिचा चौथा नंबर. मी राजूभाऊंना ट्रॅकवर कुत्रं दिसलं म्हणून थाप मारली, दहा मिनिटं मागून घेतली आणि जीप काढली. सीटवर बसलो तेव्हा ती गरम होती. उन्हानं नाही... माणूस उठून गेल्यावर असते तशी गरम.

पहिल्या पोस्टवर झेंडेवाला मला पाहून हसला. "काहून जी, अजून एक चक्कर? आताच तं गेली तुमची जीप."

त्याच्या पायाशी सिलिंडर उभा होता. उलटा. बूड वर. बुडावर माझ्या अंगठ्याचा लांबट, वाळलेला ठिपका, आणि त्याच्या बाजूला दुसरा. आखूड. वाटाण्याएवढा. मी त्याला बोट लावलं तर बोटाला ओला चुना लागला. मार्चातल्या बाराच्या उन्हात चुना दोन मिनिटांत वाळून पापडी होतो, हे कोणालाही विचारा.

दुसरी पोस्ट, तेच. तिसरी, तेच. माझा घाम थांबला होता. एवढ्या उन्हात घाम थांबतो तेव्हा माणसाला आपलंच अंग परकं वाटतं. भुतं रात्रीची असतात, म्हणून तर मी माझी सगळी भुतं रात्रीची बनवली! हे काय होतं, चारी बाजूंनी उजेड, सावलीसुद्धा पायाखाली गेलेली, दोनशे माणसं लाउडस्पीकरवर गाणी ऐकत होती... आणि मी एकटा, एक उजवीकडे झुकलेली गाडी चालवत.

सातव्या पोस्टवर, नाल्याच्या वळणाशी, मारेगावचा विलास होता. नवा माणूस, काकांना कधी पाहिलेलं नाही. त्याचाही सिलिंडर उलटा, ठिपका ओला. मी त्याला विचारलं, मी मघाशी आलो तेव्हा काय म्हणालो?

तो म्हणाला, "काहीच नाई. नुसते वाकून कान लावून राह्यले व्हते. मी नमस्कार केला तरी बोलले नाई."

"तू पाह्यलं का माझं तोंड?"

"ऊन डोळ्यात व्हतं, भाऊ. जीप तुमची, म्हंजे तुमीच ना? फक्त शर्ट बदलला तुमी."

आठवी पोस्ट झाली. आठ सिलिंडर, आठ ओले ठिपके. आठ बोलले होते. मला ऐकवलेला आकडा बरोबर होता, आणि नववा कुठला हे मला चांगलं कळलं होतं. तो माझ्या पाठीशी होता, सीटच्या मागे. एक हात मागे नेला असता तर लागला असता. पण खरं सांगतो, त्या सीटच्या मागे हात न्यायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटत होतं की मागे हात नेला तर कोणीतरी मनगटावर फटका मारेल.

वॉकीवर राजूभाऊ म्हणाले, कुत्रं गेलं का?

मी तेव्हा सांगू शकलो असतो, थांबवा शर्यत, मी एकही सिलिंडर ऐकलेला नाही. दोनशे माणसांसमोर, त्या व्हिडिओवाल्यांसमोर, पूनमसमोर. ते सांगायची लाज वाटली.

मी म्हटलं, "गेलं."

तीन गाड्या सुखरूप गेल्या. चौथी पूनमची. नाल्याच्या वळणावर तिची लाल गाडी वळायच्या ऐवजी चढली, डाव्या अंगावर पडली, दोन कोलांट्या खाऊन छपरावर थांबली. मी जीप घेऊन नाल्याच्या काठावरच उभा होतो, सगळ्यांच्या आधी पोचलो. बॉनेटखालून ज्वाळा निघाली होती. उन्हात ज्वाळा दिसत नाही नीट, फक्त हवा हलते आणि वास येतो. पूनम उलटी लटकलेली, डावा हात वाकलेल्या पत्र्यात अडकलेला. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मामा आला, आता झालं, असं बघत होती.

आता मात्र मी सीटच्या मागे हात घातला. पट्टा तोडला, पिन काढली, नळी आगीवर धरून दाबलं.

फुस्स... चिमूटभर पावडर. रिकाम्या टाल्कमच्या डब्यातून निघते तेवढी. मग नुसती हवा.

मी तो उलटा केला, आपटला, परत दाबला. मुका. आग डॅशबोर्डच्या खालून आत गेली, पूनमचा हातमोजा पेटला, आणि तेव्हा ती ओरडली. सातव्या पोस्टवरून विलास पळत येत होता, मांडीवर सिलिंडर आपटत. साठ-सत्तर पावलं असतील. ती साठ पावलं मी अजून मोजतो. त्यानं पिन काढली आणि असा पांढरा लोट निघाला की मला माझे हात दिसेनात. आम्ही तिला बाहेर ओढली.

जीव वाचला. डावा हात मनगटापर्यंत भाजला. गिअर टाकायचा हात. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, यवतमाळच्या दवाखान्याकडे जाताना ती गुंगीत म्हणाली, "मामा, तू होता म्हणून वाचलो." ताईनं माझे पाय धरले. राजूभाऊंनी पुढच्या आठवड्यात मला आणि विलासला शाल दिली. मी घेतली ती शाल. अजून घडी मोडलेली नाही.

मला एकच माणूस खरं विचारणारं भेटलं. मी काकूंना भेटायला गेलो, सुखदेव काकांच्या बायकोला. जय भीम करून बसलो, झालेलं सांगितलं, अर्थात माझ्या पद्धतीनं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू हलवले होते का रे सिलिंडर?"

मी म्हटलं, हो.

त्या उठल्या, फळीवरून काकांची खर्ऱ्याची डबी आणली, झाकण काढून माझ्यासमोर ठेवली. काका गेल्यापासून शर्यतीच्या दिवसापर्यंत तिला कोणी हात लावला नव्हता, म्हणाल्या. चार-पाच महिन्यांत चुना दगड व्हायला हवा. तो ओला होता. मधोमध बोट फिरवल्याची एक खाच, आखूड, बोथट टोकाची.

"शर्यत झाली त्या संध्याकाळी पुसाले घेतली, तं अशी," काकू म्हणाल्या. "एक सांगतो, बाळू. ते खोटं बोलणाऱ्याच्या गाडीत कधी बसले नाई. कोसभर पायी येत, पण बसत नव्हते."

मी तिथून कसा निघालो ते आठवत नाही.

दोन महिन्यांनी पूनमची पट्टी सुटली, त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. न हलवलेले सिलिंडर, अंगठ्याचे ठिपके, कुत्रं, सगळं. हाताची कातडी नवी, गुलाबी, ताणलेली. ती बोटं मिटून उघडून बघत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर हाकलून देईल. ती एवढंच म्हणाली, "आईले मी सांगीन. तू नको सांगू, तू वाढवून सांगशील."

ताई चार महिने माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं.

यंदाच्या फेब्रुवारीत परत शर्यती झाल्या. पूनम उतरली. मी पहाटेच उठून आठही पोस्टांवर पायी गेलो, आठही सिलिंडर ऐकले. परत आलो तर पूनम जीपपाशी उभी होती.

"नववा काढ," ती म्हणाली.

"तो मीच ऐकायचा असतो."

"माहीत हाय मले. तू ऐक. मग मी ऐकीन."

मी ऐकला. मग तिनं तो उलटा धरला, भाजलेल्या हातानं बुडावर थापा मारल्या, कान लावला. सर्र. "बोलला," म्हणाली, आणि हेल्मेट घालून निघून गेली.

वॉकीवर विचारणा झाली. मी म्हटलं, "नऊ बोलले." आणि वॉकी कानाशी धरून उभा राहिलो. कोणी काही बोललं नाही. कुठली फुंकर नाही, खरखर नाही.

आता तुम्ही म्हणाल, वॉकीवर दुसऱ्या कोणाचं बोलणं घुसलं असेल, झेंडेवाल्यांना ऊन लागलं असेल, डबीत पाणी गेलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालं आहे. मी इतक्या थापा रचल्या आहेत की एखाद्या गोष्टीला कुठं शिवण मारली आहे ते मला बोट ठेवून दाखवता येतं. या गोष्टीला शिवण सापडत नाही. आणि गेल्या वर्षी रिकाम्या जीपचे उजवे पाटे का बसले, हे तर कोणीच सांगू शकलं नाही. उमरखेडच्या पाटेवाल्यानं दोनदा खोलून पाहिले, नवेच्या नवे आहेत.

तर यंदा, नऊ बोलले म्हटल्यावर, मी ड्रायव्हर सीटवर बसलो. जीप माझ्या वजनानं उजवीकडे थोडी बसली, बसतेच. मी चावी फिरवली. आणि मग... जीप डावीकडे बसली. हळू. पाटे करकरत, भारी माणूस एक पाय वर ठेवून, दांडा धरून, दम घेत चढतो तशी.

पहिली गाडी सुटली. मी दिवसभर जीप चालवली, नाल्यापर्यंत गेलो, आलो. हात स्टिअरिंगवर असे घट्ट की संध्याकाळी बोटं उघडेनात.

मी डावीकडे पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही.